मार्तेल सरोवराचे पाणी मचूळ आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत स्पेनच्या मायोर्का बेटावरील ‘कोव्हेस देल द्राक’ या गुहेविषयीचा प्रवासलेख वाचला. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे पोर्तो क्रिस्तो, अंधारात तळ्यावरून तरंगत येणारे वादक, तिथली शांतता हे सगळे लेखकाने छान टिपले आहे. पण लेखात या गुहेला ‘लेणी’, तिथल्या मार्तेल तळ्याला ‘गोड्या पाण्याचे अथांग सरोवर’ आणि छताला लोंबणाऱ्या सुळक्यांना ‘मिठाचे खांब’ म्हटले आहे. या तीन शब्दांमुळे त्या जागेची खरी गंमत वाचकापासून लपून राहिली, म्हणून हे पत्र. थोडे लांबेल.

‘मिठाच्या खांबां’चा दोष लेखकाचा नाही, तो आपल्या भूगोलाच्या पुस्तकांचा आहे. ऊर्ध्वमुखी आणि अधोमुखी लवणस्तंभ आपण सगळ्यांनीच पाठ केले. लवण म्हणजे क्षार या अर्थाने तो शब्द चालून जातो, पण मराठी कानाला त्यात मीठच ऐकू येते. हे स्तंभ कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. भिंतीला दिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाळतो तेव्हा जे तयार होते, तेच हे. मिठाचे असते तर पहिल्याच पावसाळ्यात विरघळून गेले असते. शंका असणाऱ्याने घरी चुनखडीच्या तुकड्यावर लिंबू पिळून पाहावे, बारीक बुडबुडे येतात. गुहेत मात्र कृपया हा प्रयोग करू नये.

‘लेणी’ हा शब्द तर मुळीच नको. अजिंठा-वेरूळ माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरले, तेही बेसाल्टमध्ये. हा खडक पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या बहुतांश भागात अशा गुहा होत नाहीत आणि पाण्याने पोखरलेल्या गुहेसाठी आपल्या तोंडात वेगळा शब्दही बसलेला नाही. आपल्याकडे चुनखडक आहे तो यवतमाळ-चंद्रपूरच्या बाजूला, आणि आपल्याला त्याची ओळख सिमेंटमुळे. मायोर्काचा पूर्व आणि दक्षिण किनारा मात्र मायोसीन काळातल्या, सुमारे साठ लाख ते एक कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळभित्तींच्या आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा बनलेला आहे. या सच्छिद्र, तुलनेने तरुण चुनखडकात समुद्रालगत शेकडो गुहा झाल्या. ‘द्राक’ त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. कातालान भाषेत द्राक म्हणजे ड्रॅगन.

आता पाण्याकडे. कोकणात किनाऱ्यालगत विहीर असलेल्या माणसाला पुढचे समजावून सांगावे लागणार नाही. पावसाचे मुरलेले गोडे पाणी हलके असल्यामुळे खडकात शिरलेल्या समुद्राच्या जड पाण्यावर तरंगत राहते. दोन्हींच्या घनतेतला फरक फक्त अडीच टक्के आहे. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर त्याखाली, ठोकताळ्याने, चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. उपसा वाढला आणि ती पातळी थोडी जरी खाली आली की खालचे खारे पाणी चाळीसपटीने वर सरकते आणि विहीर मचूळ होते. द्राकमधले सरोवर हा याच पाण्याचा उघडा पडलेला तुकडा आहे. त्याचे पाणी मचूळ आहे, वरच्या थरात कमी खारट, खाली जास्त. त्याची पातळी म्हणजे जवळजवळ समुद्राचीच पातळी. भूमध्य समुद्राची भरती-ओहोटी किरकोळ, काही सेंटिमीटरांची असते. तळ्याचे पाणीही तेवढेच वर-खाली होते. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो, म्हणून वादळी दिवसांत तळ्याची पातळी भरतीपेक्षाही जास्त हलते.

‘अथांग’ हेही खरे नव्हे. संपूर्ण गुहेचीच खोली सुमारे २५ मीटर आहे. तळे ११५ मीटरच्या आसपास लांब आणि ३० मीटर रुंद. भूमिगत तळे म्हणून हे मोठेच, पण त्याला तळ आहे आणि तो मोजलेला आहे.

पाणी खारे की गोडे याचा एवढा कीस काढायचे कारण असे की ही गुहाच त्या मिसळणीतून झाली. गोडे पाणी आपल्यापुरते कॅल्साइटने तृप्त झालेले असते, त्यात आणखी चुनखडक विरघळत नाही. समुद्राचे पाणीही तसेच तृप्त. पण दोन तृप्त पाणी एकत्र आले की मिश्रण पुन्हा भुकेले होऊ शकते, कारण विरघळण्याची क्षमता आणि क्षारांचे प्रमाण यांचे नाते सरळ रेषेत चालत नाही. त्यामुळे जिथे दोन पाणी भेटतात त्या पट्ट्यातच खडक सर्वांत वेगाने पोखरला जातो. पोकळी रुंद होत गेली, समुद्र खाली गेल्यावर छताला असलेला पाण्याचा आधार सुटला आणि छताचे थर कोसळले. द्राकच्या मोठ्या दालनांच्या तळाशी जे शिळांचे ढीग दिसतात ते या कोसळण्याचे. त्यावर नंतर ठिबकत्या पाण्याने कॅल्साइट चढवला.

ठिबकण्याचे काम सोपे आहे. पावसाचे पाणी मातीतून जाताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेते, सौम्य आम्ल होते, वाटेत चुनखडक विरघळवते. गुहेच्या छताला थेंब लोंबतो तेव्हा त्यातला वायू गुहेच्या हवेत निसटतो आणि तेवढा कॅल्साइट मागे राहतो. पाणी सुकून क्षार उरतो, हा समज चुकीचा. गुहेची हवा इतकी दमट असते की सुकणे नावापुरतेच होते. खरे काम वायू निसटण्याचे. पहिली अवस्था पोकळ नळीची, थेंबाएवढ्या जाडीची, सुमारे पाच मिलिमीटर व्यासाची. नळी बुजली की पाणी बाहेरून ओघळते आणि सुळका जाड होतो. वाढीचा वेग ढोबळमानाने शंभर वर्षांत एक सेंटिमीटर धरतात. पण एकाच दालनातल्या दोन सुळक्यांचा वेग दहापटीने वेगळा असू शकतो, तेव्हा उंची मोजून वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

या सगळ्यात पर्यटकाने डोळे भरून पाहावे असे काही असेल तर ती पाण्याची रेषा. मराठी पर्यटकच काय, बहुतेक सगळेच छताकडे पाहत चालतात. गाईड ध्वज, किल्ला, बुद्ध असे आकार दाखवतात. नावे ठेवण्याचा हा छंद जगभर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तळ्याच्या काठाशी वाकून पाहा. स्वच्छ पाण्याखाली बुडालेले सुळके आणि स्तंभ दिसतात. सुळका पाण्याखाली वाढू शकत नाही, त्याला थेंब आणि हवा लागते. म्हणजे ते वाढले तेव्हा तिथे हवा होती, समुद्र खूप खाली होता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगाचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता.

दुसरी खूण याहून बारीक. बोअरच्या पाण्याने भरलेल्या बादलीला पाण्याच्या रेषेवर पांढरे कडे धरते, तसेच कडे मायोर्काच्या किनारी गुहांत सुळक्यांना धरते. तळ्याच्या पृष्ठभागावर वायू सर्वांत जास्त निसटतो, म्हणून कॅल्साइट किंवा अरॅगोनाइट (तेच कॅल्शियम कार्बोनेट, वेगळ्या स्फटिकरूपात) नेमके तिथेच बसते. सुळक्याभोवती बांगडीसारखा फुगवटा तयार होतो आणि त्याची रुंदी भरती-ओहोटीच्या पल्ल्याएवढी असते. समुद्राची पातळी काही हजार वर्षे एका जागी थांबली की ही बांगडी जाड होते, पातळी सरकली की दुसरीकडे नवी सुरू होते. काही बांगड्या आजच्या पाण्याच्या वर सुक्या आहेत, काही खाली बुडालेल्या.

आणि या बांगडीचे वय काढता येते. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ नाही. ताज्या कॅल्साइटमध्ये म्हणून युरेनियम असते आणि थोरियम नसते; नंतर जे थोरियम सापडते ते त्या युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले. दोन्हींचे प्रमाण मोजले की सुमारे पाच-सहा लाख वर्षांपर्यंतचे वय मिळते. त्यापुढे युरेनियम आणि शिसे यांची पद्धत वापरतात. मायोर्काच्या गुहांतल्या अशा बांगड्यांवरून २०१० साली संशोधकांनी दाखवले की ८१ हजार वर्षांपूर्वी तिथला समुद्र आजच्यापेक्षा सुमारे एक मीटर वर होता. तोवरच्या समजुतीप्रमाणे तो त्या काळात बराच खाली असायला हवा होता. २०१९ साली बेटाच्या ईशान्येकडील आर्ता गुहेतल्या बांगड्यांवरून तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळातला समुद्र १६ मीटरहून वर होता असे निघाले. द्राक ज्या मानाकोर परिसरात आहे तिथल्याच जेनोव्हेसा गुहेत माणसाने दगड रचून केलेला ७.६ मीटर लांबीचा पूल आज पाण्याखाली आहे. त्या दगडांवर पाण्याच्या जुन्या रेषेचा फिकट पट्टा आहे आणि शेजारी त्याच पातळीची बांगडी. त्या बांगडीच्या वयावरून २०२४ साली पुलाचे वय सुमारे ५,६०० वर्षे ठरले आणि बेटावर माणूस आल्याची तारीख मागे गेली. तिकीट काढून गेलेल्या माणसाने या रेषेकडे न पाहता ड्रॅगन शोधत बसणे आम्हाला खटकते ते यामुळे.

इतिहासाबाबत लेखात ‘शोध फ्रेंचांनी लावला’ एवढेच आहे. गुहा स्थानिकांना मध्ययुगापासून माहीत होती. १८९६ साली ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक लुडविग साल्वाटोर, जो मायोर्काच्या प्रेमात पडून तिथेच राहिला होता, त्याच्या सांगण्यावरून एदुआर आल्फ्रेद मार्तेल हा फ्रेंच गुहा-अभ्यासक आला आणि त्याने तळ्यापर्यंतचा आतला भाग उजेडात आणला. तळ्याला त्याचे नाव पडले ते यामुळे. दिव्यांची योजना १९३५ ची, कार्लेस बुइगास या अभियंत्याची. बार्सिलोनाच्या मोंजुइक टेकडीवरचे रंगीत कारंजे केले तो हाच. त्याने दिवे खडकाआड लपवले, त्यामुळे उजेड दिसतो पण दिवा डोळ्यांत येत नाही. आजही अनेक गुहांतली प्रकाशयोजना पाहिली की नव्वद वर्षांपूर्वीचा हा माणूस किती पुढचा होता ते कळते.

पण दिवा कितीही लपवला तरी त्याच्या उजेडात वाढणाऱ्या गोष्टी लपत नाहीत. सगळ्या प्रदर्शनी गुहांचा हा कायमचा त्रास आहे. दिव्याभोवतीच्या ओल्या खडकावर आधी नीलहरित जिवाणू आणि शेवाळ येते, मग मॉस, आणि दुर्लक्ष झालेच तर नेचेही. त्यांचे बीजाणू हवेतून, पाण्यातून आणि आपल्या बुटांवरून येतात. तीन-चार वर्षांत भिंत हिरवी होते. दिसायला वाईट हे एक, पण या थरातून पाझरणारी सेंद्रिय आम्ले कॅल्साइट खातात हे जास्त गंभीर. फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ साली लोकांसाठी उघडली आणि चित्रांवर आलेल्या हिरव्या रोगामुळे १९६३ साली बंद करावी लागली.

उपाय ठाऊक आहेत. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषते, म्हणून निळा घटक कमी असलेला पिवळसर प्रकाश वापरायचा. दिवा खडकापासून किमान एक मीटर दूर. उजेड मंद. माणसे दालनात असतील तेवढ्यापुरताच दिवा, पुढचा गट येईपर्यंत बंद. आलेले शेवाळ काढण्यासाठी पूर्वी सर्रास कपडे धुण्याच्या ब्लीचचाच प्रकार, सोडियम हायपोक्लोराइट, फवारत. त्यातून क्लोरिनचा वास बंद हवेत कोंडतो आणि गुहेतले बारीक जीव मरतात. पंधरा टक्क्यांच्या आसपासचे हायड्रोजन पेरॉक्साइड बरे, कारण त्याचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होते. मात्र ते स्वतः किंचित आम्लधर्मी असते आणि कॅल्साइट कुरतडते. म्हणून फवारण्याआधी किमान दहा तास त्यात चुनखडकाचे तुकडे टाकून ठेवायचे, म्हणजे त्याची भूक आधीच भागते. ही पायरी गाळली तर शेवाळाबरोबर सुळक्याची चमकही जाते. आणि घासणी, तारेचा ब्रश नको. हा नियम सर्वांत आधी मोडला जातो, कारण घासल्याने लगेच स्वच्छ दिसते.

माणसाचा भारही मोजता येतो. शांत बसलेला माणूसही सुमारे शंभर वॉट उष्णता सोडतो आणि तासाला वीस लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तीनशे जणांचा गट तळ्याकाठी बसला की तीस किलोवॉट, म्हणजे दोन किलोवॉटचे पंधरा गिझर एकदम चालू; आणि तासाभरात सहा हजार लिटर वायू. गुहेच्या हवेतले त्याचे प्रमाण दशलक्षात पाच हजार भागांपेक्षा वाढू देऊ नये असा संकेत आहे. त्याआधीच सुळक्यांवर परिणाम होतो, कारण हवेत वायू जास्त असला की थेंबातला वायू निसटत नाही, वाढ थांबते. उबदार दमट हवा गार खडकावर दव होऊन बसते, ते दव वायूमुळे आम्ल होते आणि झालेले काम उलटे फिरवते. म्हणून ठरावीक वेळेला ठरावीकच माणसे आत सोडतात. दारावर ‘पुढच्या फेरीला या’ म्हटले तर हुज्जत घालू नये, एवढेच सांगणे.

कपड्यांचे तंतू आणि केस हा आणखी एक कचरा, जो कुणालाच कचरा वाटत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना त्यांचा राखाडी थर बसतो. अमेरिकेतल्या कार्ल्सबॅड गुहेत तो चिमटे आणि ब्रश घेऊन स्वयंसेवकांना वेचावा लागतो. हाताचा तेलकटपणा तर सुळक्याला लागला की पाणी त्या जागेवरून घरंगळून जाते, नवा थर धरत नाही आणि जागा काळी पडते.

आणि नाणी. रेल्वे नदीच्या पुलावर आली की खिडकीतून नाणे टाकायची आपली सवय जुनी आहे, आणि तळे दिसले की इच्छा मागून नाणे टाकायची युरोपीयांची त्याहून कमी नाही. तांब्याच्या नाण्यातून सुटणारे तांबे पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना विष आहे, लोखंडी नाण्याचा गंज कॅल्साइटवर कायमचा डाग सोडतो. मचूळ पाण्यात दोन्ही झपाट्याने होते.

जाणाऱ्यांसाठी लेखात सुटलेले थोडे. वाट एकाच दिशेची, सुमारे १.२ किलोमीटर, पायऱ्यांची. चाकाच्या खुर्चीने जाता येत नाही आणि गुडघ्यांचे दुखणे असलेल्या आजी-आजोबांनी आधी विचार करावा. संगीतासकट सुमारे तास लागतो. आत वीस-एकवीस अंश आणि दमट, त्यामुळे स्वेटर नको, पण पायऱ्या ओल्या असतात म्हणून गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. हिवाळ्यात बाहेरून गार चष्मा घेऊन आत गेलात की काचेवर वाफ धरते. उतरताना पायऱ्यांवरच पुसत उभे न राहता कठड्याला धरून थांबा. संगीत दहा मिनिटांचे. दिवे मालवतात, उजळलेल्या होड्यांतून वादक येतात. त्या वेळी फोटो काढायचे नाहीत. नंतर होडीने किंवा पुलावरून पलीकडे जाता येते. होडीची रांग मोठी असते, पण पाण्याची रेषा पाहायची तर होडीतूनच, खाली बसून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून.

मराठी पर्यटक मायोर्कापेक्षा कितीतरी जास्त संख्येने अराकूच्या बोर्रा गुहा, आंध्रातल्या नंद्याल जिल्ह्यातली तीन किलोमीटरहून लांब बेलम आणि मेघालयातली मावस्माई पाहायला जातात. तिथेही कॅल्साइट तोच आणि दिव्याखालची हिरवळही तीच. आपल्या पुरवणीत त्यांच्यावर लेख येतील तेव्हा लाल-निळ्या दिव्यांचे फोटो छापताना खाली एक ओळ तरी खडकाबद्दल असावी. तूर्त एवढे करता आले तरी बरे: या लेखाच्या संकेतस्थळावरील आवृत्तीत छायाचित्राखालचा ‘लेणी’ हा शब्द बदलून ‘गुहा’ करावा, आणि ‘गोड्या’ खोडून ‘मचूळ’.

आपले,
भूशास्त्राचे दोन शिक्षक, पुणे